दर बदलला की घाम फोडणारा कोड: गुंता शोधायचा कसा, सोडवायचा कसा

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने निर्णय घेतला आणि २२ तारखेपासून नवे दर लागू झाले. पाकीटबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. इंदूरमध्ये शेवेवर किती घरं चालतात हे सांगायला नको, त्यामुळे त्या पंधरवड्यात आमच्या ऑफिसचा फोन खाली ठेवायला सवड नव्हती. मी घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. सियागंजमधले किराणावाले, नमकीनचे कारखानदार, क्लॉथ मार्केटमधले काही जण आमचे ग्राहक. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "भिया, नया रेट कब डलेगा?" (बाईमाणूस असले तरी इथे मी 'भिया'च, आणि ते मला आवडतं.)

व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा एका वाक्याचा बदल आहे: अमुक तारखेपासून अमुक मालाला अमुक दर. कोडमध्ये तो एका जागी होतो की बिल, परतीचा माल, कोटेशन, महिन्याचा रिपोर्ट अशा जागोजागी शोधत फिरावं लागतं, यावर त्या कोडची खरी किंमत ठरते. जागोजागी फिरावं लागत असेल, तर कुठेतरी गुंता साठलेला आहे. तो सगळ्या कोडभर सारखा पसरलेला नसतो, मोजक्या फंक्शनांत (फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) दाटून बसलेला असतो. ती फंक्शनं शोधून, चालू धंद्याला धक्का न लावता, ती सोडवायची कशी ते मी इथे सांगते. आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी हे असंच शिकवते.

आधी मोजा

"हा कोड फार घाणेरडा आहे" हे वाक्य मी ऑफिसात चालू देत नाही. घाणेरडा म्हणजे कुठे, किती, ते दाखवा. त्यासाठी सगळ्यात जुनं आणि आजही उपयोगी माप म्हणजे थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. नाव भारी आहे, पण मोजणं बोटांवर होतं. फंक्शनमध्ये वाट जिथे फुटते त्या जागा मोजा आणि त्यात एक मिळवा. प्रत्येक 'जर' एक, प्रत्येक लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) एक, स्विचमधला (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेतला) प्रत्येक केस एक. अटींमधले 'आणि', 'किंवा' हेसुद्धा बहुतेक टूल्स एकेक धरतात. 'नाहीतर'चा मात्र वेगळा गुण नाही, कारण ती 'जर'चीच दुसरी बाजू.

मॅककेब यांनी दहा ही मर्यादा सुचवली होती. हा आकडा दगडावरची रेघ नाही. टूल्ससुद्धा वेगवेगळ्या जागी थांबतात: अनेक भाषांचा कोड मोजणारं लिझर्ड १५ च्या वर गेलं की इशारा देतं, जावास्क्रिप्टसाठीच्या ईएसलिंटच्या कॉम्प्लेक्सिटी नियमाची मूळ मर्यादा २० आहे, तर पायथनसाठीचं रेडॉन ए ते एफ अशा श्रेणी देतं, ज्यात ए म्हणजे ५ पर्यंत आणि एफ म्हणजे ४१ पासून पुढे. या आकड्याचा आणखी एक फायदा लोक विसरतात. फंक्शनमधून जाणाऱ्या एकमेकांपासून स्वतंत्र वाटा किती, हे तो सांगतो. आकडा ८ असेल तर प्रत्येक फाटा तपासायला आठ टेस्ट (फंक्शन चालवून उत्तर तपासणारे छोटे प्रयोग) पुरतात. ३८ असेल, तर त्या फंक्शनला दोन टेस्ट लिहून "कव्हर केलं" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

आता एक फंक्शन जवळून बघू. खऱ्या कोडमधले बारकावे मी काढलेत, सांगाडा तोच ठेवलाय. (सीजीएसटी हा केंद्राचा वाटा, एसजीएसटी राज्याचा, आणि आयजीएसटी परराज्यातल्या विक्रीवरचा कर.)

कर_काढ(बिल, ओळ, छापायचे_का):
    जर ओळ.रक्कम > ०:
        जर ओळ.प्रकार == "नमकीन":
            जर बिल.तारीख < २२-०९-२०२५:
                जर ओळ.पाकीटबंद आणि ओळ.लेबल:
                    दर = १२
                नाहीतर:
                    दर = ५
            नाहीतर:
                दर = ५
        नाहीतर:
            दर = ओळ.वस्तूचा_दर
        कर = ओळ.रक्कम × दर / १००
        जर बिल.ग्राहकाचे_राज्य == "मध्य प्रदेश":
            सीजीएसटी = कर / २, एसजीएसटी = कर / २
        नाहीतर:
            आयजीएसटी = कर
        जर छापायचे_का:
            ओळ छाप
    नाहीतर:
        कर = ०

मोजा. 'जर' सहा आहेत, 'आणि' एक, म्हणजे सात. त्यात एक मिळवला की आठ. आमच्याकडच्या एका नवीन मुलीने हे मोजून मला विचारलं, "ताई, आठच आला. दहाच्या आत आहे, मग अडचण काय?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला म्हटलं, "अगं, स्क्रीनवर बोट ठेवून सांग, 'दर = १२' या ओळीपर्यंत पोचलीस तेव्हा तुझ्या डोक्यात काय काय आहे?" तिने मोजलं: रक्कम शून्याच्या वर आहे, माल नमकीन आहे, तारीख २२ सप्टेंबरच्या आधीची आहे, पाकीट आहे, लेबल आहे. पाच गोष्टी एका वेळी धरून ठेवायच्या, आणि खाली येताना कुठली 'नाहीतर' कुठल्या 'जर'ची हे डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेवरून ओळखायचं. हा त्रास मॅककेबच्या आकड्यात उतरत नाही. त्याला एकाखाली एक लिहिलेले सहा 'जर' आणि एकाच्या पोटात एक घातलेले सहा 'जर' सारखेच.

म्हणून दुसरं माप हवं: कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी. सोनारक्यूब हे कोड तपासणारं टूल बनवणाऱ्या सोनारसोर्स कंपनीने ते मांडलं. यात 'जर' जितका खोल, तितका त्याचा गुण जास्त. सगळ्यात बाहेरचा 'जर' एक, त्याच्या पोटातला दोन, त्याच्या पोटातला तीन. 'नाहीतर'ला प्रत्येकी एक, 'आणि'च्या एका साखळीला एक. वरच्या फंक्शनमध्ये दर ठरवणारे चार 'जर' एकात एक आहेत, त्यांचे १, २, ३, ४ मिळून दहा. राज्याचा 'जर' आणि छपाईचा 'जर' एक पायरी आत, त्यांचे दोन-दोन, म्हणजे चौदा. पाच 'नाहीतर' आणि एक 'आणि' धरले की वीस. सोनारक्यूबमध्ये जावासारख्या भाषांसाठी मूळ मर्यादा १५ आहे. एकच फंक्शन एका मापाने पास आणि दुसऱ्याने नापास. वाचणाऱ्याच्या बाजूने बोलतं ते दुसरं माप, म्हणून दोन्ही आकड्यांत मतभेद झाला तर मी कॉग्निटिव्हचं ऐकते.

टूल बसवायला परवानगी मिळत नसेल, तरी अडून राहू नका. एडिटरमध्ये अक्षरं इतकी बारीक करा की शब्द वाचता येणार नाहीत. मग नुसता आकार बघा. डावी कडा जिथे उजवीकडे आत आत घुसत जाते आणि पुन्हा मागे येते, तिथे थांबा. इतकं केलं तरी सुरुवातीला पुरतं.

सगळ्यात मोठा आकडा आधी उचलू नका

टूल चालवलं की लांबलचक यादी येते, आणि उत्साही माणूस सरळ पहिल्या नंबरला हात घालतो. थांबा. आमच्याकडे जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठीचं एक फंक्शन आहे. आकडा भयंकर, पण कैक वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नाही आणि ते निमूट चालतंय. त्यावर आठवडा घालवून कुणाचंही भलं होणार नाही.

दुसरी यादी काढा: कुठली फाइल किती वेळा बदलली. गिटकडे (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलकडे) हा इतिहास पडूनच असतो. गिट लॉगला गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक कमिटमधल्या (नोंदवलेल्या बदलातल्या) फक्त फाइलींची नावं द्यायला सांगा, ती यादी सॉर्ट या कमांडमधून काढा, युनिक या कमांडकडून मोजून घ्या आणि उतरत्या क्रमाने लावा. दोन मिनिटांचं काम. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. गुंताही जास्त आणि हातही वारंवार लागतो, अशी नावं दोन्हीकडे वर दिसतील. ती थोडीच असतात, आणि तुमचा सगळा वेळ तीच खात असतात. पुढचं काम तिथूनच सुरू करा. फाइल मोठी असेल तर गिट लॉगच्या एल पर्यायाने एकट्या फंक्शनचा इतिहासही निघतो. त्यात कमिटचे संदेश वाचा. "तातडीची दुरुस्ती", "पुन्हा तीच दुरुस्ती" असं दिसलं की जागा सापडली.

तिसरी गोष्ट कुठल्याच टूलमध्ये नाही, ती लोकांना विचारावी लागते. कुठल्या फाइलचं नाव निघालं की टीममधले चेहरे बदलतात? सपोर्टचा फोन घेणाऱ्याला विचारा, तो एका श्वासात सांगेल. माझ्या अनुभवात त्याचं उत्तर आणि वरच्या दोन याद्यांचं उत्तर बहुधा जुळतं. नाही जुळलं तर मी त्याचं उत्तर आधी तपासते.

हात घालण्याआधी जाळं बांधा

गुंता सोडवताना कोडचं वागणं बदलता कामा नये. एका पैशानेसुद्धा. हा नियम मी सगळ्यात कडक पाळते, कारण आमच्या कोडातून निघालेला कागद व्यापाऱ्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये जातो.

बिलिंगच्या बाबतीत जाळं बांधणं सोपं आहे, कारण जुनी बिलं आपल्याकडे असतात. खऱ्या बिलांमधून निवडक ओळी काढा, ग्राहकांची नावं आणि जीएसटी नंबर बदलून टाका, आणि आजच्या फंक्शनमधून त्या चालवून जे उत्तर येईल ते जसंच्या तसं फाइलमध्ये साठवा. बरोबर की चूक ते आत्ता ठरवायचं नाही. आज काय येतं, एवढंच नोंदवायचं. मग प्रत्येक छोट्या बदलानंतर तीच बिलं पुन्हा चालवायची आणि दोन्ही फाइली ताडून बघायच्या.

ओळी निवडताना डोकं लावा. २१ सप्टेंबरचं बिल हवं आणि २२ चंही. मध्य प्रदेशातला ग्राहक हवा, नागपूरचा हवा, बडोद्याचा हवा. सुटं नमकीन हवं, पाकिटातलंही हवं. दहा डब्यांवर एक डबा फुकट असतो, त्या शून्य रकमेच्या ओळी हव्यातच. आणि परतीचा माल विसरू नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला १२ टक्क्यांनी विकलेला माल दिवाळीनंतर परत आला, तर क्रेडिट नोटवर (परत आलेल्या मालाची रक्कम ग्राहकाला जमा दाखवणाऱ्या कागदावर) मूळ बिलाचाच दर लागतो, त्या दिवशीचा नाही. वरच्या फंक्शनला क्रेडिट नोटची तारीख दिली तर ते पाच टक्के सांगेल, मूळ बिलाची दिली तर बारा. कुठली तारीख दिली जाते हे बोलावणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे जिथून हे फंक्शन वापरलं जातं तिथे, जाऊन बघा. असे प्रश्न जाळं विणतानाच वर येतात, म्हणून या कामाला मी घाई करू देत नाही.

पैशांच्या गोलाईवर एक गोष्ट बारकाईने बघा. कर १२.३५ रुपये निघाला. त्याचे दोन भाग ६.१७५ आणि ६.१७५. दोन्ही वर गोल केले तर ६.१८ आणि ६.१८, बेरीज १२.३६. एक पैसा हवेतून आला. जुना कोड हे करत असेल आणि तुम्ही फंक्शन नीट करता करता "सुधारून" टाकलंत, तर आधीच्या आणि नंतरच्या बिलांत फरक पडेल आणि तो का पडला हे कुणालाच कळणार नाही. दोष दिसला तर वेगळ्या कागदावर लिहा, व्यापाऱ्याच्या सीएशी बोला, आणि वेगळ्या कमिटमध्ये दुरुस्त करा. गुंता सोडवणं आणि वागणं बदलणं ही दोन कामं एका कमिटमध्ये कधीच नको.

आता सोडवायला घ्या

एकदम सगळं नव्याने लिहायचा मोह होतो. करू नका. एक पाऊल, मग तुलना, मग कमिट, मग पुढचं पाऊल. संध्याकाळी काम अर्धवट सोडून घरी जावं लागलं तरी कोड चालू राहिला पाहिजे.

वरच्या फंक्शनमध्ये मी पहिल्यांदा छपाई बाहेर काढते. कर काढणाऱ्याने प्रिंटरशी बोलायचं कारण काय? 'छापायचे_का' असा हो-नाहीचा झेंडा दिसला की समजा, एका फंक्शनच्या अंगात दोन फंक्शनं आहेत. असे तीन झेंडे असतील तर आठ जोड्या होतात, आणि त्यातल्या अर्ध्या कुणी कधी चालवून बघितलेल्या नसतात. छपाई बोलावणाऱ्याकडे दिली की झेंडाही जातो, एक 'जर'ही जातो, आणि टेस्टसाठी खोटा प्रिंटर उभा करावा लागत नाही.

दुसरं पाऊल: सगळ्यात बाहेरचा 'जर' उलटा करायचा. "रक्कम शून्याच्या वर असेल तर हे सगळं" याऐवजी "रक्कम शून्य किंवा कमी असेल तर इथूनच परत जा". अपवाद दारातच निकालात निघतात आणि बाकीचा सगळा कोड एक पायरी डावीकडे सरकतो. कॉग्निटिव्हच्या हिशोबात प्रत्येक आतल्या 'जर'चा एकेक गुण कमी होतो. एवढ्याशा बदलाला इतका परतावा दुसऱ्या कशातच मिळत नाही. काही जुन्या लोकांना 'फंक्शनमधून बाहेर पडायचं दार एकच हवं' असं शिकवलेलं असतं. मेमरी हाताने सोडवावी लागायची तेव्हा त्याला अर्थ होता. आजच्या बहुतेक भाषांत छोट्या फंक्शनला दोन दारं असली तर काही बिघडत नाही.

तिसरं पाऊल म्हणजे कराची वाटणी वेगळी करणं. राज्यांतर्गत विक्रीवर अर्धा सीजीएसटी, अर्धा एसजीएसटी. परराज्यात पूर्ण आयजीएसटी. दर कितीही बदलले तरी या नियमाला धक्का लागत नाही. म्हणजे दर आणि वाटणी यांची बदलण्याची कारणं वेगळी आहेत, आणि कारणं वेगळी असली की घरंही वेगळी हवीत. इथे आणखी एक गोष्ट नीट होते. जुन्या कोडात "मध्य प्रदेश" ही अक्षरं जुळवून बघितली होती. कुणी टाइप करताना मध्ये जादा स्पेस दिली की इंदूरच्या ग्राहकाला आयजीएसटी लागायचा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचा कोड असतात: मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७. पण माल कुठे पोचतो तेही बघावं लागतं, बिल एकाला आणि माल दुसऱ्याला अशा विक्रीचे नियम वेगळे आहेत. म्हणून "राज्यांतर्गत आहे का" हा प्रश्न बिलालाच विचारायचा, उत्तर एकाच जागी ठरू द्यायचं. मात्र अक्षरांऐवजी कोड बघणं हा वागण्यातला बदल आहे, तेव्हा तो वेगळ्या कमिटमध्ये.

चौथं पाऊल सगळ्यात मोलाचं. दर हा निर्णय नाही, ती माहिती आहे. माहिती 'जर-नाहीतर'मध्ये लिहिली की प्रत्येक नव्या दरासाठी प्रोग्रॅमर लागतो. ती तक्त्यात लिहा:

नमकीन, पाकीटबंद व लेबल | १८-०७-२०२२ पासून | २१-०९-२०२५ पर्यंत | १२
नमकीन, पाकीटबंद व लेबल | २२-०९-२०२५ पासून | पुढे चालू | ५
नमकीन, सुटे | १८-०७-२०२२ पासून | पुढे चालू | ५

१८ जुलै २०२२ ही तारीख कुठून आली? त्याआधी भेद 'ब्रँड आहे की नाही' असा होता, त्या दिवसापासून तो 'पाकीटबंद आणि लेबल लावलेलं आहे की नाही' असा झाला. जुन्या बिलांसाठी आणखी मागच्या ओळी लागतील, त्याही याच तक्त्यात बसतात. जुनी ओळ पुसायची मात्र कधीच नाही, परतीच्या मालाला ती लागते. आणि वस्तू कुठल्या करगटात बसते, हे तिची नोंद करतानाच ठरवून टाकायचं, प्रत्येक बिलाच्या प्रत्येक ओळीला पुन्हा पुन्हा नाही.

मग उरतं ते असं:

ओळीचा_कर(बिल, ओळ):
    जर ओळ.रक्कम <= ०:
        शून्य_कर परत दे
    दर = दर_शोध(ओळ.करगट, बिल.तारीख)
    कर_वाटणी(ओळ.रक्कम × दर / १००, बिल) परत दे

दर_शोध(करगट, तारीख):
    तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीसाठी:
        जर नोंद.लागू_आहे(करगट, तारीख):
            नोंद.दर परत दे
    थांब: "या करगटाला या तारखेचा दर नाही"

शेवटची ओळ मुद्दाम बघा. दर सापडला नाही तर गुपचूप शून्य धरायचं नाही, ओरडून थांबायचं. चुकीचं बिल छापून बाजारात गेल्यावर ते परत आणणं फार महागात पडतं.

आता पुन्हा मोजू. 'ओळीचा_कर'चा मॅककेब आकडा २, 'दर_शोध'चा ३, 'कर_वाटणी'चा २ (तिथेही 'नाहीतर' नाही, राज्यांतर्गत असेल तर तिथूनच परत), आणि 'लागू_आहे'मध्ये तीन अटी दोन 'आणि'ने जोडलेल्या, तिचा ३. बेरीज दहा. म्हणजे आठाचे दहा झाले! नवीन मुलं इथे गोंधळतात. पण कॉग्निटिव्हची बेरीज बघा: १, ३, १, १, एकूण सहा. वीसाचे सहा. धंद्यातल्या वाटा तेवढ्याच आहेत, त्या कुठे जाणार? वाचणाऱ्याला एका वेळी डोक्यात धरायचं ओझं कमी झालं. हे काम करताना मला हवं असतं ते हेच.

कुठला गुंता आपला, कुठला धंद्याचा

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये एक भेद मांडला, तो मी रोज वापरते. काही गुंता विषयातच असतो आणि काही आपण आपल्या साधनांनी, सवयींनी वर चढवतो. सुट्या आणि पाकिटातल्या शेवेला वेगळा दर होता, हा पहिल्या जातीचा. तो आपण काढू शकत नाही, फक्त एका जागी स्पष्ट लिहू शकतो. तोच दर चार फाइलींत चार प्रकारे लिहिला, हा दुसऱ्या जातीचा. तो पूर्णपणे आपला आणि तो गेलाच पाहिजे.

हा भेद कळायला बाजारात जावं लागतं. आमच्या एका जुन्या मॉड्यूलमध्ये 'खर्च१', 'खर्च२', 'खर्च३' अशी नावं होती. कुठला खर्च मालाच्या किमतीत धरायचा आणि कुठला नाही, हे कोड वाचून कुणालाच सांगता येईना. सियागंजमध्ये गल्ल्यावर बसलेल्या मुनीमजींनी एका दमात सांगितलं: एक हम्माली, एक बारदाना, एक गाडीभाडं. तीच नावं कोडमध्ये घातली आणि अर्ध्या कॉमेंट्सची गरज संपली. बाजारात जो शब्द चालतो तो कोडमध्ये आणा. प्रोग्रॅमर आणि मुनीमजी एकाच गोष्टीला एकच नाव देऊ लागले की पुढचे गैरसमज होतच नाहीत.

आकड्याला न दिसणारा गुंता

वरचं सगळं वाचून कुणी प्रत्येक तीन ओळींचं एक फंक्शन करत सुटेल, म्हणून हे सांगते. आकडे सुंदर येतील, पण एक बिल समजून घ्यायला वीस फाइलींत उड्या माराव्या लागतील. मी एक कसोटी वापरते: फंक्शनचं नाव वाचून आत न डोकावता पुढे जाता आलं पाहिजे. दर वेळी आत जावंच लागत असेल, तर ते तुकडे पाडणं फुकट गेलं. परत एकत्र करा, लाज वाटू देऊ नका.

तसंच, पाच ओळींचं, आकडा एक असलेलं फंक्शनसुद्धा विषारी असू शकतं, जर ते कुठल्याशा ग्लोबल (सगळ्या कोडला सामाईक असलेल्या) 'चालू_ग्राहक'वर अवलंबून असेल. दोन खिडक्यांत दोन बिलं उघडली की कुणाचा कर कुणाला, याचा पत्ता लागत नाही. फंक्शनला जे लागतं ते त्याच्या हातात द्या, त्याने इकडे तिकडे हात मारून घेऊ नये.

आणि सारख्या दिसणाऱ्या दोन जागा दिसल्या की लगेच एक करायची घाई नको. कोटेशन आणि बिल आज सारखं दिसतं, पण एक बदलतं मार्केटिंगच्या लहरीने आणि दुसरं कायद्याने. त्यांना जबरदस्तीने एकत्र बांधलं की पुन्हा आत झेंडे येऊ लागतात, आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो.

पुन्हा वाढू नये म्हणून

संगणकशास्त्रज्ञ मेअर लेहमन यांनी सत्तरच्या दशकात मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींचा अभ्यास करून एक नियम मांडला: वापरात असलेली प्रणाली बदलत राहते, आणि गुंता कमी करायचं काम मुद्दाम केलं नाही तर तो वाढतच जातो. माझा अनुभव तंतोतंत हाच आहे. म्हणून हे काम 'वेळ मिळाला की' या खात्यात टाकू नका, कारण तो वेळ कधीच मिळत नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. बिल्डमध्ये (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होतो त्या टप्प्यात) मोजणीचं टूल लावलंय, पण सगळ्या जुन्या कोडला ते अडवत नाही. तसं केलं तर पहिल्याच दिवशी शेकडो इशारे येतात आणि लोक टूलच बंद करून टाकतात. नियम फक्त हात लावलेल्या फंक्शनला: तुम्ही ज्याला हात लावलात त्याचा आकडा वाढता कामा नये. नव्या फंक्शनला कॉग्निटिव्ह १५ ची मर्यादा. एखाद्या जागी ती खरंच मोडावी लागली, तर मोडणाऱ्याने वर एक ओळ लिहायची की का, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला (दुसऱ्याचा कोड तपासणाऱ्याला) ती पटली पाहिजे. "वेळ नव्हता" हे कारण चालत नाही. "कायद्यातच इतके फाटे आहेत आणि तक्ता केला तर अजून अवघड होतो" हे चालतं, आणि कधीकधी ते खरं असतं.

रिव्ह्यूमध्ये मी लिहिणाऱ्याला एकच काम सांगते: हे फंक्शन काय करतं ते एका वाक्यात, 'आणि' न वापरता सांग. "कर काढतं आणि छापतं" असं आलं की कुठे कापायचं ते त्याचं त्यालाच कळतं.

वरिष्ठांकडे वेळ मागायला जाताना आकडे घेऊन जाऊ नका. कॉग्निटिव्ह वीस की सहा, याचं त्यांना काही नाही. गेल्या वर्षी दर बदलायला कोण कोण किती वेळ बसलं आणि किती बिलं परत करावी लागली, ते सांगा. मग पुढच्या दरबदलाला काय करावं लागेल ते दाखवा: तक्त्यातल्या जुन्या ओळीला 'पर्यंत'ची तारीख घालायची, खाली एक नवी ओळ लिहायची, जाळ्यातली बिलं चालवायची आणि सियागंजला फोन करून सांगायचं की नवा रेट पडला.